दोन स्पंजांचा, हवेवर चालणारा फिल्टर: जिवाणू राखून साफ करता येतो का?

फिल्टरच्या खोक्यावर तासाला किती लिटर पाणी फिरतं ते ठळक छापलेलं असतं. तो धुतल्यावर दुसऱ्या दिवशी माशांच्या टँकमध्ये अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारं विष, किती निघेल, हे कुठल्याच खोक्यावर नसतं. घरच्या टँकसाठी फिल्टर पारखताना मात्र पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की हा साफ करताना त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू कितपत टिकतात. या कसोटीवर जड बैठकीचा, दोन स्पंजांचा, एअर पंपावर चालणारा साधा फिल्टर बहुतेक महागड्या फिल्टरांपेक्षा सरस ठरतो. त्याच्या उणिवाही खऱ्या आहेत आणि काही टँकना तो पुरत नाही. तेही पुढे लिहिलं आहे.

रचना मोजक्या भागांची आहे. तळाशी वजनदार बैठक, तिच्यावर भोकं असलेली पोकळ नळी, त्या नळीवर चढवलेले दोन स्पंज आणि वर उभी लिफ्ट ट्यूब. पंपाची हवा बारीक नळीतून लिफ्ट ट्यूबच्या खालच्या टोकाशी सोडली जाते. बुडबुडे मिसळले की ट्यूबमधलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा हलकं होतं आणि वर चढतं, आणि तितकंच पाणी स्पंजातून आत ओढलं जातं. पाण्यात मोटर नाही, इम्पेलर (पाणी ढकलणारं फिरतं पातं) नाही. त्यामुळे नुकतीच जन्मलेली पिल्लं किंवा श्रिंप ओढली जाण्याची भीती राहत नाही. उलट स्पंजावर साठलेला गाळ त्यांना दिवसभर चरायला मिळतो.

विकत घेताना पहिल्यांदा बैठक बघा. रबरी सक्शन कपांनी काचेला चिकटवायचे फिल्टर टाळावेत. कप काही महिन्यांत कडक होतात, फिल्टर सुटून वर येतो आणि स्पंज अर्धा पाण्याबाहेर राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे स्पंजाची छिद्रं. एका इंचाला २० ते ३० छिद्रं असलेला, म्हणजे २० ते ३० पीपीआयचा स्पंज बहुतेक टँकना योग्य. १० पीपीआयची छिद्रं इतकी मोठी असतात की बारीक कण सरळ पार होतात. ४५च्या पुढचा सुरुवातीला पाणी छान स्वच्छ करतो, पण चटकन तुंबतो आणि मग आतल्या भागाला ऑक्सिजनच पोचत नाही. खोक्यावर पीपीआय लिहिलेला नसेल तर स्पंज उजेडासमोर धरून छिद्रं एकसारखी आहेत का ते बघावं आणि दाबून सोडावा. चांगला स्पंज लगेच मूळ आकारात येतो. दाबलेला तसाच राहणारा किंवा बोटांवर भुगा सोडणारा स्पंज घेऊ नये, कारण याच स्पंजाला पुढची काही वर्षं दर महिन्याला पिळायचं आहे.

एअरस्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड, पुष्कळदा खोक्यात नसतो आणि तो नसला तरी फिल्टर चालतो. पण उघड्या नळीतून मोठे बुडबुडे सुटतात, ट्यूबमधून गडगड आवाज येतो आणि पाणीही कमी चढतं. ट्यूबमध्ये सैल बसेल असा छोटा दंडगोल एअरस्टोन लावला की तेवढ्याच हवेत पाण्याचा प्रवाह वाढतो आणि आवाज निम्म्यावर येतो. या फिल्टरवर करण्यासारखी ही एकच सुधारणा आहे आणि ती पहिल्याच दिवशी करून टाकावी.

पंप आणि फिल्टर यांच्यामध्ये चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, लागतोच. वीज गेली आणि पंप पाण्याच्या पातळीखाली असला तर नळीतून पाणी उलटं वाहत पंपात आणि तिथून विजेच्या प्लगपर्यंत जाऊ शकतं. व्हॉल्व्हच्या ज्या टोकातून फुंकर आत जाते ते टोक पंपाकडे. तो उलटा लावला तर हवाच येणार नाही आणि पंप बिघडला आहे असं वाटेल. जागा असेल तर पंप पातळीच्या वरच ठेवावा, म्हणजे व्हॉल्व्ह निकामी झाला तरी धोका नाही. पंप निवडताना टँकची खोलीही धरायला हवी. उथळ टँकमध्ये जोरात हवा देणारा छोटा पंप ४५ सेंटीमीटर पाण्याखाली दमतो.

नवा स्पंज आधी साध्या पाण्यात धुऊन घ्यावा, साबण नाही. मग टँकमध्ये पाण्याखाली धरून पाच-सहा वेळा पिळावा. आत अडकलेली हवा निघाली नाही तर जड बैठकसुद्धा कलते. लिफ्ट ट्यूबचं तोंड पाण्याच्या पातळीशी किंवा जरासं खाली असावं. ट्यूब जितकी लांब पाण्यात, तितका ओढा जास्त. हवा वाढवत गेलं की एका मर्यादेनंतर प्रवाह वाढत नाही, फक्त उसळी वाढते आणि झाकणावर पाण्याचे डाग पडतात.

खोक्यावरच्या ‘इतक्या लिटरपर्यंत’ या आकड्यावर फार विसंबू नये. तो निम्मा धरून चालावं. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जिवाणूंची संख्या स्पंजाच्या आकारावर ठरत नाही, त्यांना मिळणाऱ्या अमोनियावर ठरते. दुप्पट मोठा स्पंज घातला म्हणून दुप्पट जिवाणू राहायला येत नाहीत. मोठ्या स्पंजाचा फायदा वेगळा आहे. तो उशिरा तुंबतो, आणि खाणं वाढलं किंवा मासे मोठे झाले तर जिवाणूंना पसरायला जागा उरते.

हे जिवाणू नेमके कोणते, याबद्दलची जुनी समजूत अजून पुष्कळ बाटल्यांच्या लेबलांवर दिसते: अमोनियाचं नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनास आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे नायट्रोबॅक्टर. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये दुसरं काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, हे टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं. २०११ मध्ये गोड्या पाण्याच्या टँकच्या फिल्टरांमध्ये अमोनिया खाणारे आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) मोठ्या प्रमाणात सापडले. २०१५ मध्ये तर अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटे करणारे नायट्रोस्पायरा सापडले आणि त्यातला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच आला होता. घरच्या टँकला यातून एक उपयोगी गोष्ट कळते. स्थिर झालेल्या फिल्टरमधले हे जीव अत्यंत कमी अमोनियावर जगायला सरावलेले असतात आणि सावकाश वाढतात. कुजणाऱ्या अन्नावर वाढणारे साधे जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होऊ शकतात. यांना अर्धा-एक दिवस किंवा जास्तही लागतो. एकदा फेकून दिलेली वसाहत आठवड्याभरात परत उभी राहत नाही, ती यामुळेच.

नवा स्पंज कामाला लावायचे दोन मार्ग आहेत. चालू टँक असेल तर नवा फिल्टर जुन्याच्या शेजारी चार ते सहा आठवडे चालवावा आणि मग उचलून नव्या टँकमध्ये न्यावा. नेताना तो टँकच्याच पाण्यात बुडवून न्यायचा आणि लगेच हवा सुरू करायची. स्पंज तपकिरी दिसू लागला म्हणजे तयार झाला, असं समजू नका. तो रंग बहुतांशी गाळाचा असतो. कामाचे जिवाणू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

चालू टँक नसेल तर मासे न सोडता अमोनिया घालून सायकल करावी, म्हणजे स्पंजात जिवाणूंची वसाहत वाढवून घ्यावी. १०० लिटर पाण्याला साधारण ०.६३ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घातलं की अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. रोज किंवा दिवसाआड मोजायचं. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं. पुढे नायट्राइट उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच डोस. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की मासे सोडायला हरकत नाही. २५ ते २८ अंश तापमानात याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. घाई म्हणून ५-६ पीपीएम घालणं उलटतं. नायट्राइटचा डोंगर उभा राहतो आणि तो उतरायला जास्त दिवस जातात. मधल्या काळात नव्या स्पंजावर पांढरट बुळबुळीत थर येईल किंवा पाणी दुधट होईल. ते साधे जिवाणू असतात, आपोआप ओसरतात, त्यासाठी स्पंज धुऊ नये.

बाटलीतल्या जिवाणूंबद्दल थोडक्यात. लेबलवर नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरा असतील, मुदत शिल्लक असेल आणि बाटली उन्हात-उकाड्यात पडलेली नसेल, तर सायकल लवकर पुरी व्हायला मदत होते. फक्त बॅसिलसचे बीजाणू असलेली बाटली गाळ कुजवायला उपयोगी आहे, अमोनियाचं काम तिच्याकडून होणार नाही. आणि कुठलीही बाटली टाकली तरी मोजणं सुटत नाही.

मोजणीतला एक बारकावा मात्र हमखास सुटतो. पाणी तपासायच्या द्रव किटमध्ये नायट्रेटच्या एखाद्या बाटलीत तळाशी जड पूड बसते. ती सूचनेप्रमाणे जोरात हलवली नाही तर नायट्रेट खोटं कमी दिसतं, आणि सगळं आलबेल आहे असं वाटून पाणी बदलणं लांबतं.

आता हिशेब. खाण्याच्या डब्यावर प्रथिनं ४० टक्के असतील, तर प्रथिनांतला सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजन धरून १ ग्रॅम खाण्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन येतो. थोडा माशांच्या शरीरात राहतो, बाकीचा आज ना उद्या अमोनिया होतो. १०० लिटरच्या टँकमध्ये रोज १ ग्रॅम खाणं पडत असेल तर जास्तीत जास्त ०.६४ पीपीएम नायट्रोजनाचं काम स्पंजाने रोज करायचं आहे. त्याचं नायट्रेट रोज सुमारे २.८ पीपीएम, आठवड्याला २० पीपीएम. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी का बदलायचं, ते या आकड्यातच आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि फिल्टर ‘अचानक मेला’ या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे असतं. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचं नायट्रेट करताना पाण्यातली सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) खर्च होते. पीएच स्थिर ठेवते ती हीच; अंशांत मोजली की तिला केएच म्हणतात. वरच्या टँकमध्ये रोज साधारण ४.५ पीपीएम, म्हणजे चार दिवसांत केएच जवळपास एका अंशाने उतरू शकतं. पाणी मुळात कमी क्षारतेचं असलं आणि बदलायचं राहिलं, की केएच शून्याकडे जातं, पीएच घसरतो, ६.५च्या खाली जिवाणू मंदावतात आणि ६च्या आसपास जवळपास थांबतात. अमोनिया चढू लागतो. स्पंज स्वच्छ, हवा जोरात, तरी चढतो. अशा वेळी घाबरून एकदम सगळं पाणी बदलणं सर्वांत घातक. कमी पीएचला अमोनिया बहुतांशी अमोनियम रूपात, कमी विषारी असतो. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर पीएच ८ला तो सुमारे ५ टक्के होतो. एका झटक्यात पीएच वर नेला तर तोच अमोनिया माशांना मारतो. रोज १० ते १५ टक्के पाणी बदलावं, खाणं थांबवावं आणि केएच सावकाश वर आणावं. खायचा सोडा १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की केएच साधारण एक अंश वाढतं. दिवसाला एवढंच, त्याहून जास्त नाही. स्पंज फिल्टरच काय, कोणताही फिल्टर घेताना केएचचं किट सोबत घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे.

आता साफसफाई. हा फिल्टर निवडायचं खरं कारण इथे कळतं. स्पंज दोन आहेत, म्हणून एका वेळी एकच धुवायचा. आज डावा, दोन-तीन आठवड्यांनी उजवा. धुतलेल्या स्पंजातले काही जिवाणू गेले तरी दुसरा पूर्ण वसाहतीनिशी कामाला असतो. एकाच कार्ट्रिजच्या फिल्टरमध्ये ही सोय नाही. तिथे ‘दर महिन्याला कार्ट्रिज बदला’ ही सूचना पाळली की गाळ, कार्बन आणि जिवाणू तिन्ही एकदम कचऱ्यात जातात. तसा फिल्टर असेलच, तर कार्ट्रिजच्या जागी कापलेला जाड स्पंज बसवावा आणि तो वर्षानुवर्षं वापरावा.

धुण्याची रीत अशी. पाणी बदलायच्या दिवशी सायफनने काढलेलं टँकचं पाणी बादलीत घ्या. हवा बंद करा. स्पंज तसाच वर उचलला तर गाळाचा ढग टँकभर पसरतो, म्हणून आधी पाण्याखालीच त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा, तोंड तळाशी आवळा आणि पिशवीसकट बाहेर काढा. बादलीत पाच-सहा वेळा पिळा. पाणी चहासारखं होईल. दुसऱ्या बादलीत आणखी दोन-तीन वेळा. नव्यासारखा रंग येईपर्यंत पिळत बसायचं नाही, पाणी मोकळं जाऊ लागलं की पुरे. मधली नळी आणि लिफ्ट ट्यूब आतून बाटली धुण्याच्या ब्रशने घासा, कारण तिथला चिकट थर प्रवाह अडवतो. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. मधल्या वेळात स्पंज उन्हात किंवा ओट्यावर सुकत ठेवू नका.

नळाखाली धुतला तर काय होतं? बुळबुळीत थराच्या आतले जिवाणू क्लोरीनच्या एका झपाट्यात सगळे मरत नाहीत, म्हणून काही जणांचं नळाच्या पाण्यावर वर्षानुवर्षं निभावतं. पण क्लोरीनचं प्रमाण रोज सारखं नसतं आणि क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग) असेल तर ते तास-दोन तासांत उडूनही जात नाही. बादलीभर टँकचं पाणी हाताशी असताना हा धोका पत्करायला काहीच कारण नाही. गरम पाणी तर नकोच. टँकमध्ये भरायच्या नव्या पाण्यालाही क्लोरीन काढणारं द्रावण आधी घालावं. क्लोरामाइन मोडलं की त्यातला अमोनिया मागे उरतो, म्हणून त्या दिवशीच्या चाचणीत थोडा अमोनिया दिसला तर स्पंजाला दोष देऊ नये.

धुवायची वेळ झाली हे कॅलेंडरपेक्षा फिल्टरच नीट सांगतो. लिफ्ट ट्यूबमधून येणारं पाणी कमी झालं, ट्यूबऐवजी स्पंजाच्या अंगातून बुडबुडे सुटू लागले, किंवा स्पंज मधोमध आक्रसलेला दिसला, की तो तुंबला आहे. बुडबुडे मोठे आणि तुरळक झाले पण स्पंज मोकळा असेल, तर एअरस्टोन बघा. त्याची छिद्रं चार-सहा महिन्यांत बुजतात. बदलणंच बरं, कारण बुजलेला स्टोन पंपाच्या पडद्यावर ताण आणतो. स्टोन काढूनही हवा मंद असेल तर चेक व्हॉल्व्ह, आणि शेवटी पंपाचा रबरी पडदा. पडदा फाटला की पंप गुणगुणतो पण हवा देत नाही. पडद्याचा सुटा संच मिळतो का, हे पंप घेतानाच विचारून ठेवावं.

वीज जाते तेव्हा या फिल्टरची बाजू आणखी भक्कम होते. कॅनिस्टरमध्ये, म्हणजे टँकबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये, प्रवाह थांबला की आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात आणि वीज आल्यावर ते सडकं पाणी टँकमध्ये फेकलं जातं. कॅनिस्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर आतलं पाणी ओतून, मीडिया (आत भरलेलं गाळण्याचं साहित्य) खळबळून मगच सुरू करावा. स्पंज टँकच्या उघड्या पाण्यातच असतो, त्यामुळे तो जास्त वेळ तग धरतो. बॅटरीवरचा छोटा एअर पंप त्याच नळीला जोडला की फिल्टरही चालतो आणि माशांना हवाही मिळते.

उणिवा आता. बारीक धूलिकण हा फिल्टर पकडत नाही, त्यामुळे पाणी निरोगी असतं पण काचेसारखं लखलखीत क्वचितच. कार्बन किंवा फॉस्फेट काढणारा मीडिया ठेवायला जागा नाही. आतला बराच कोपरा तो व्यापतो आणि दिसायला देखणा नाही. कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या वनस्पतींच्या टँकमध्ये पृष्ठभागाची सततची खळबळ तो वायू उडवून लावते, तिथे हा घेऊ नये. गोल्डफिश, ऑस्कर यांसारख्या भरपूर घाण करणाऱ्या माशांच्या टँकला हा एकटा पुरत नाही. तिथे कॅनिस्टर किंवा मागे टांगायचा फिल्टर मुख्य आणि हा जोडीला, असं करावं. झोपायच्या खोलीत पंपाची गुणगुण खुपते. पंप जाड स्पंजाच्या तुकड्यावर ठेवून आणि भिंतीला टेकू न देता ती बरीच कमी होते, पूर्ण जात नाही.

पिल्लं, श्रिंप, बेट्टा, छोटे टेट्रा, गप्पी यांच्या १०० लिटरपर्यंतच्या टँकसाठी मात्र आम्ही डोळे झाकून हाच सुचवू. पाच पैकी साडेचार. अर्धा गुण एअरस्टोन खोक्यात नसण्याचा आणि लिटरच्या फुगवलेल्या आकड्याचा.

आजारी माशासाठी वेगळा टँक लावायचा झाला तर दोनपैकी एक स्पंज काढून तिथल्या बैठकीवर चढवला की तो टँक त्याच दिवशी चालू होतो. मुख्य फिल्टरवर रिकाम्या जागी नवा स्पंज बसवावा आणि दोन आठवडे खाणं निम्मं करावं. आजारी टँकमध्ये गेलेला स्पंज परत मुख्य टँकमध्ये आणू नये. मेथिलीन ब्ल्यू आणि काही प्रतिजैविकं या जिवाणूंनाही मारतात, म्हणून औषध चालू असेपर्यंत तिथे रोज अमोनिया मोजून पाणी बदलत राहावं लागतं. काम संपलं की तो स्पंज टाकून द्यावा.